मायक्रोवेव्हमध्ये एका माणसाचं रात्रीचं जेवण: रेसिपीतली मिनिटं तुमच्या घरी का चुकतात?

व्हिडिओ बघून मायक्रोवेव्हमध्ये खिचडी लावली, सांगितली तेवढी मिनिटं ठेवली, आणि बाहेर काढली तर वर पाणी अन् खाली कच्चे तांदूळ. असं तुमच्याही बाबतीत झालं असेल. चूक बहुतेक वेळा तुमची नसते, रेसिपीचीही नसते. ती रेसिपी दुसऱ्या ओव्हनसाठी आणि दुसऱ्या व्होल्टेजसाठी लिहिलेली असते, एवढंच. आपल्या ओव्हनची खरी ताकद कशी मोजायची, त्यावरून वेळ कसा काढायचा आणि एका माणसाचं जेवण सुरुवातीपासून कसं शिजवायचं, ते या लेखात बघू.

हे मला का शोधावं लागलं, ते आधी सांगतो. आमचं घर नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला, मी नोकरीसाठी पुण्यात. ताईच्या बाळंतपणासाठी आई तीन महिने पुण्याला आली आणि अप्पा गावी एकटे राहिले. सकाळचं जेवण शेजारच्या काकूंकडून यायचं, दोन भाकरी जास्तीच्या यायच्या. रात्रीचा प्रश्न होता. अप्पांनी एकदा गॅसवर दूध ठेवलं आणि झोपले, पातेलं जळून काळं झालं. तेव्हापासून आईचा हुकूम होता, रात्री गॅस पेटवायचा नाही. म्हणून मी मायक्रोवेव्ह पाठवला. वेळ संपली की आपोआप बंद होतो, हा त्यात मोठा फायदा.

दोन दिवस खिचडी कच्ची निघाली. तिसऱ्या दिवशी अप्पा फोनवर म्हणाले, "मशीन गरगर फिरायली, पण तांदूळ काही शिजंना बघ." पुढच्या आठवड्यात कळलं की ते रात्री चिवडा आणि चहावर भागवत होते. अप्पांना शुगरची गोळी आहे. काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. मग मी सुट्टी टाकली, नांदेडहून आदिलाबादच्या लाइनची गाडी धरली आणि सोबत स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घेऊन घरी गेलो.

मायक्रोवेव्ह नेमकं काय करतो?

ओव्हनच्या आत मॅग्नेट्रॉन नावाचा भाग असतो. तो २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी तयार करतो. अन्नातल्या पाण्याच्या रेणूंची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण असते. लहरीची दिशा सेकंदाला अब्जावधी वेळा बदलते, तिच्या मागे हे रेणू वळायला बघतात, शेजारच्यांना धडकतात आणि अन्न तापतं.

मॅग्नेट्रॉन मुळात रडारसाठी होता. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचे इंजिनिअर पर्सी स्पेन्सर यांनी त्याचा स्वयंपाकासाठी वापर शोधला आणि १९४५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. १९४७ मध्ये आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच होता. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन लोकप्रिय झाला तो १९६७ नंतर.

स्वयंपाकासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. लहरी अन्नात साधारण एक ते तीन सेंटिमीटर शिरतात. त्याच्या आतला भाग बाहेरच्या भागाच्या उष्णतेने शिजतो. म्हणून पसरट भांडं आणि पातळ थर चांगला.

२. आत लहरींचे काही ठिपके जास्त गरम, काही थंड असतात. म्हणून काच फिरते आणि म्हणूनच मध्ये एकदा ढवळावं लागतं. अन्न मधोमध ठेवण्याऐवजी थोडं कडेला ठेवलं तर जास्त सारखं तापतं.

३. पाणी असेपर्यंत अन्नाचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकतं. त्यामुळे उकडणं, शिजवणं, वाफवणं उत्तम होतं. खरपूस भाजणं जमत नाही.

बॉक्सवरचे वॅट आणि घरातले वॅट

आमच्या ओव्हनच्या बॉक्सवर ८०० वॅट लिहिलं होतं. हा आकडा आउटपुटचा, म्हणजे अन्नाला मिळणाऱ्या ताकदीचा. भिंतीतून तो साधारण १२०० वॅट ओढतो, तो इनपुट. दुकानदार कधीकधी मोठा दिसतो म्हणून इनपुटचा आकडा सांगतात. आपल्याला आउटपुट हवा.

पण हा आकडा पुरेसं व्होल्टेज असतानाचा आहे. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनमध्ये व्होल्टेज पडलं की मॅग्नेट्रॉनची ताकदही पडते. दिवा लागतो, काच फिरते, पंखा आवाज करतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. फक्त अन्न कमी तापतं. अप्पांना हेच दिसत होतं.

ताकद मोजायची सोपी पद्धत

थर्मामीटर असेल तर असं करा.

१. काचेच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या. ढवळून तापमान लिहून ठेवा.
२. फुल पॉवरवर बरोबर ६० सेकंद चालवा.
३. लगेच बाहेर काढून ढवळा आणि पुन्हा तापमान बघा.
४. जितके अंश वाढले, त्याला ३५ ने गुणा. उत्तर म्हणजे तुमचे खरे वॅट.

हे ३५ आलं कुठून? एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ जूल लागतात. ५०० ग्रॅमला २१०० जूल. त्याला ६० सेकंदांनी भागलं की ३५. थोडी उष्णता भांडं खातं, म्हणून उत्तर जरा कमी येतं. आपल्या कामाला ते चालतं.

थर्मामीटर नसेल तर एक कप, म्हणजे २५० मिली साधं पाणी ठेवा. त्यात लाकडी काडी टाका, आइस्क्रीमची धुतलेली काडी चालेल. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि जोरात उकळी फुटेपर्यंत मोजा. ७५,००० ला त्या सेकंदांनी भागा. १०५ सेकंद लागले तर साधारण ७०० वॅट, १५० लागले तर ५०० वॅट. काडी यासाठी की गुळगुळीत भांड्यात पाणी कधीकधी न उकळताच १०० अंशांच्या वर जातं आणि हलवल्यावर एकदम उसळतं.

मी दुपारी दोनला मोजलं. पाणी २१ अंशांनी तापलं, म्हणजे ७३५ वॅट. संध्याकाळी साडेसातला पुन्हा मोजलं. सगळ्या घरांत दिवे, कूलर, टीव्ही सुरू. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर १८५ व्होल्ट दिसत होते. पाणी फक्त १४ अंशांनी तापलं, म्हणजे ४९० वॅट. ओव्हन तोच, भांडं तेच, ताकद एक तृतीयांशाने कमी.

अप्पा जी रेसिपी करत होते ती ९०० वॅटची होती, वेळ १० मिनिटं. ४९० वॅटवर १० मिनिटं म्हणजे ९०० वॅटवर जेमतेम साडेपाच मिनिटं. खिचडी अर्ध्यावर बाहेर काढल्यासारखंच झालं की!

वेळ बदलायचं सूत्र

नवा वेळ = रेसिपीतला वेळ × रेसिपीचे वॅट ÷ तुमचे वॅट

उदाहरण: ९०० वॅटला ५ मिनिटं सांगितली आणि तुमचे ५४० वॅट असतील, तर ५ × ९०० ÷ ५४० म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद.

पण इथे एक अडचण आहे आणि ती व्हिडिओत कुणी सांगत नाही. हे सूत्र फक्त उकळी येईपर्यंत खरं. एकदा उकळी आली की तांदूळ-डाळीला शिजायला स्वतःचा वेळ लागतो, तो वॅट वाढवून कमी होत नाही. वाढवलेली ताकद नुसती वाफ करते आणि भांडं उतू जातं. म्हणून मी अप्पांना एकच वाक्य दिलं: उकळीपर्यंत वॅट बघा, उकळीनंतर घड्याळ बघा.

दुसरी गोष्ट मापाची. गॅसवर एकाचा भात आणि दोघांचा भात यांत वेळेचा फार फरक पडत नाही. मायक्रोवेव्हमध्ये ठरलेली ताकद सगळ्या अन्नात वाटली जाते, त्यामुळे माप दुप्पट केलं की उकळीपर्यंतचा वेळही जवळपास दुप्पट होतो. चौघांसाठी प्रेशर कुकरच बरा. एकट्यासाठी मात्र हे यंत्र जमतं.

५० टक्के पॉवर म्हणजे काय?

बऱ्याच साध्या ओव्हनमध्ये अर्धी ताकद अशी नसतेच. मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण चालतो, काही सेकंद बंद राहतो. कान देऊन ऐकलं तर घरघर मध्येच बदलताना कळते. इन्व्हर्टर तंत्राच्या ओव्हनमध्ये ताकद खरोखर कमी-जास्त होते. आपल्या कामाला दोन्ही चालतात. कमी पॉवरचा उपयोग उकळी टिकवायला आणि उतू जाणं टाळायला.

जेवण पहिलं: मूगडाळीची खिचडी

साहित्य: ४० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ, ३५० मिली पाणी, एक चमचा तेल, जिरे, लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या, हळद, तिखट, मीठ. वजनकाटा नसेल तर १०० मिलीचा चहाचा कप घ्या, तांदूळ अर्धा कप, डाळ अर्धा कप.

भांडं: दीड लिटरचं, मायक्रोवेव्हला चालणारं बोरोसिलिकेट काचेचं. अन्न अर्ध्या लिटरपेक्षा कमी असलं तरी भांडं मोठंच हवं, कारण डाळीचा फेस वर चढतो.

१. तांदूळ-डाळ धुऊन अर्धा तास भिजवा. ही पायरी गाळू नका. अप्पांची दुसरी चूक हीच होती.
२. भांड्यात तेल, जिरे, लसूण घालून फुल पॉवरवर एक ते दीड मिनिट ठेवा. मोहरी इथे नीट तडतडत नाही, म्हणून जिरेच घ्या.
३. अर्धा मिनिट थांबा. भिजवलेले तांदूळ-डाळ निथळून घाला, हळद, तिखट, मीठ टाका, मग पाणी कडेने हळू ओता.
४. झाकण न लावता फुल पॉवरवर शिजवा: ७०० वॅटला ५ मिनिटं, ५०० वॅटला ७ मिनिटं. मध्ये एकदा ढवळा. शेवटची दोन-तीन मिनिटं उकळी दिसलीच पाहिजे. नसेल दिसत तर एकेक मिनिट वाढवा.
५. झाकण तिरकं ठेवा, वाफेला फट राहू द्या. आता ८ मिनिटं: ७०० वॅटचा ओव्हन असेल तर ५० टक्के पॉवर, ५०० वॅट असेल तर ७० टक्के. दोन्हीकडे सरासरी ताकद ३५० वॅट पडते. वेळ मात्र तीच.
६. दार न उघडता ५ मिनिटं तसंच राहू द्या. आतली वाफ शेवटचं काम करते. हा वेळ शिजण्यातच धरा.

खर्च किती? ७०० वॅटच्या हिशोबाने सगळं मिळून साडेदहा मिनिटं फुल पॉवर चालल्यासारखं होतं. १२०० वॅट इनपुट धरला तर ०.२१ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी दोन-सव्वादोन रुपये.

जेवण दुसरं: पिठलं आणि सकाळची भाकरी

साहित्य: ३ मोठे चमचे बेसन, एक कप म्हणजे २०० मिली पाणी, एक मोठा चमचा तेल, जिरे, लसूण, बारीक चिरलेली हिरवी मिरची, हळद, मीठ, कोथिंबीर.

१. मोठ्या काचेच्या भांड्यात तेल, जिरे, लसूण, मिरची घालून दीड मिनिट ठेवा. दार उघडताना तोंड लांब ठेवा, मिरचीची वाफ डोळ्यात जाते.
२. वेगळ्या भांड्यात बेसन पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, हळद-मीठ घाला आणि अर्ध्या मिनिटाने फोडणीत कडेने ओता.
३. ७०० वॅटला २ मिनिटं, ढवळा, १ मिनिट, ढवळा, पुन्हा १ मिनिट. ५०० वॅटला पहिला टप्पा ३ मिनिटांचा करा. पिठाचा कच्चा वास गेला नाही तर अजून एक मिनिट.
४. दोन मिनिटं झाकून ठेवा, कोथिंबीर घाला.

ज्वारीची भाकरी यात होत नाही, प्रयत्नही करू नका. तिला तापलेला तवा आणि जाळ लागतो. सकाळची भाकरी मात्र गरम करता येते. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून १५ ते २० सेकंद, त्याहून जास्त नाही. जास्त ठेवली की पाणी उडून ती लाकडासारखी कडक होते. गरम झाली की लगेच खा. सोबत भाजका पापड हवा असेल तर ३० ते ४५ सेकंद पुरतात.

हे अजिबात करू नका

- स्टीलचा डबा, पातेलं, सोनेरी काठाची बशी, चांदीचा वर्ख किंवा फॉइल आत ठेवू नका. धातू लहरी परतवतो आणि टोकदार कडांवर ठिणग्या उडतात.
- मेलामाइनच्या ताटल्या वापरू नका. प्लास्टिक घ्यायचंच असेल तर मायक्रोवेव्हला चालेल असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.
- अंडं सालासकट ठेवू नका, फुटतं. बटाट्याला काट्याने भोकं पाडूनच ठेवा.
- तळण करू नका. तेल किती तापलं ते ओव्हनला कळत नाही. फोडणीपुरतं एक-दोन चमचेच.
- रिकामा चालवू नका.
- तापलेल्या काचेच्या भांड्यात फ्रिजचं गार पाणी ओतू नका, तडा जातो.

तालुक्याच्या गावात राहत असाल तर

प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा आणि अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. ग्रिल किंवा कन्व्हेक्शन मोड साध्या मोडपेक्षाही जास्त वीज ओढू शकतो.

फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर ओव्हनला लावू नका. वेगळा घ्यायचा असेल तर आउटपुटचे ८०० नाही, इनपुटचे वॅट दाखवून त्याहून मोठ्या क्षमतेचा घ्या.

लाइट गेल्यावर घरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर चालेल का? पंखे-दिव्यांसाठी घेतलेला ९०० व्हीएचा इन्व्हर्टर १२०० वॅटचा भार उचलणार नाही. लाइट नसण्याची वेळ ठरलेली असेल तर आधी शिजवून झाकून ठेवा.

ओव्हन चालू असताना वाय-फाय का अडकतं?

मला पुण्यातून वाटायचं, अप्पा मुद्दाम कॉल कापतात. खिचडी ठेवली की व्हिडिओ कॉल अडकायचा. कारण साधं होतं. ओव्हन २४५० मेगाहर्ट्झवर चालतो आणि वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे जवळपास तोच. दारातून निसटणारा अगदी थोडा अंश आरोग्याला धोकादायक नसला तरी वाय-फायला गोंगाट वाटतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर मोबाइल त्यावर जोडा, किंवा तेवढा वेळ मोबाइल डेटा वापरा.

याच निमित्ताने रेडिएशनचा प्रश्न. या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत, त्या अणूंची मोडतोड करत नाहीत, फक्त तापवतात. दार उघडलं की तयार होणं थांबतं, अन्नात काही उरत नाही. दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची आणि लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची, म्हणून ती बाहेर पडत नाही. मात्र दार वाकलं असेल, नीट बसत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत ओव्हन लावू नका.

ओव्हनवर चिकटवायची चिठ्ठी

आमच्या ओव्हनच्या बाजूला मी एक कागद चिकटवला. तुम्हीही तुमचे आकडे घालून बनवा.

- दुपार: ७३५ वॅट. संध्याकाळ: ४९० वॅट.
- खिचडी, संध्याकाळी: भिजवणं ३० मिनिटं, फुल ७, मग ७० टक्केवर ८, थांबा ५.
- पिठलं, संध्याकाळी: फोडणी दीड, मग ३, १, १. दर वेळी ढवळा.
- भाकरी: ओलं फडकं, २० सेकंद.
- स्टील नाही.

घरी कुणी एकटं राहत असेल आणि तुम्ही त्यांना ओव्हन पाठवणार असाल, तर रेसिपीची लिंक पाठवण्याआधी फोनवर बसून पाण्याची चाचणी करून घ्या. दोनदा करा, दुपारी आणि ज्या वेळी ते खरंच जेवतात त्या वेळी. अर्धा तास लागतो.

मी चार दिवसांनी परत आलो. अप्पांनी चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: १८० च्या खाली असेल तर खिचडी फुल ८. आता रात्री आठला फोन केला की ते आधी व्होल्टेज सांगतात, मग काय जेवले ते.